यादीतलं पहिलं नाव

“तुझं नाव यादीत नाही!” संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत यंत्रप्रमुख भास्करपंत गरजले.

“नाही कसं?” ठकू कुंभारीण तितक्याच जोरात म्हणाली. “सगळ्यांच्या आधी अर्ज मी केला. बाहेर दाराला यादी लावलीय, तिच्यात पहिलं नाव माझंच आहे!”

पण जत्रेच्या वेबसाइटने ‘नाही’ म्हटलं की दुकानाला जागा नाही. वर्षभर घडवलेली मडकी गाडीतच! प्रकरण राजे मानाजीरावांपुढे गेलं. महाराज पक्के हट्टी. वेबसाइट त्यांच्या हुकमाने झालेली. ती चुकेलच कशी?

“संध्याकाळपर्यंत यंत्राची चूक दाखव,” ते म्हणाले. “पण यंत्राला हात लावायचा नाही! जमलं नाही, तर या जत्रेत तुझी मडकी पुन्हा दिसणार नाहीत.”

ठकू दुकानदारांच्या रांगेत जाऊन चौकशी करत फिरली. यादीत दुसरा असलेल्या तांबटाला जागा मिळाली होती. तिसरा असलेल्या बुरुडालाही. खालच्या सगळ्यांनाच! मागच्या वर्षी परत पाठवलेला शिंपी कितवा होता? पहिला!

ती हसतच दरबारात आली. “महाराज, माझ्या नावाच्या वर आपलं नाव घालायला सांगा. पहिला मान आपलाच!”

महाराज खूश. पंतांनी दरबारातल्या संगणकावर नाव घातलं.

“आता मला शोधा, पंत.”

“आहे!” पंत चपापले.

“आता महाराजांना.”

पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नाव यादीत नाही!

“काय? माझ्याच राज्यात मी नाही?” महाराज ताडकन उठले.

ठकू पंतांकडे वळली. “यंत्राला तुम्ही विचारता काय?”

“नाव कितव्या जागी आहे, ते.”

“दुसऱ्या नावाला ते काय सांगतं?”

“एक. यंत्र शून्यापासून मोजतं, एवढंही ठाऊक नाही?”

“मग पहिल्या नावाला?”

“शून्य!”

“आणि शून्य आलं की तुमची वेबसाइट काय समजते?”

पंत पुटपुटले, “की... नाव नाही.”

“अहो, माझी आई दारातून ‘ठकू आहे का घरात?’ एवढंच विचारते. कितव्या खोलीत, ते नाही! तुम्हीही ‘आहे का’ एवढंच विचारा की!”

महाराज पोट धरून हसले. “पोरी, राजवाड्यासमोरची मोक्याची जागा तुझी! आणि पंत, हिची मडकी गाडीतून उतरवून तुम्ही मांडायची. मोजताना मात्र एकापासून मोजा!”