चमच्याने घातलेली बुरशी

“ही बुरशी देऊन माझी दोन झाडं मारलीत, माय. आता तिसऱ्यालाही हीच घालू?”

दिगंबररावांचा संताप मठाच्या अंगणात मावत नव्हता. का मावावा? त्यांच्या पत्नी सुमतीबाई गेल्या, तेव्हा त्या बाईंनी स्वतःच्या हाताने लावलेली गुलाबाची तीन रोपं कुंड्यांत उरली होती. दोन जमिनीत लावली आणि महिन्याभरात वाळली. बायकोची शेवटची कुंडी नवऱ्याने पोटाशी धरली होती.

मठ सांभाळणाऱ्या कृष्णामायने भुकटीची पुडी उघडली. आत चमचा खोचलेला होता.

“कशी घातलीत?”

“रोप लावून झाल्यावर, वरून. चमच्यानं. बुरशीला हात कोण लावणार?”

“मुळांना चोळा, म्हटलं होतं. ही बुरशी मुळांना चिकटली, तरच त्यांना अन्नपाणी भरवते.”

“बुरशीनं अन्न नासतं, भिंती नासतात! पस्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढलीत मी. मला शिकवू नका.”

माय पुडी त्यांच्या हाती परत देऊन पंगतीच्या तयारीला गेली.

शहाण्याला शब्दांचा मार पुरतो. दिगंबरराव पडले दीडशहाणे.

दुपारची पंगत बसली. राव नेहमीसारखे चार हात लांब, भिंतीशी, घरून आणलेलं ताट मांडून बसले. दोन वर्षं मठात येत होते, पण कुणाच्या मांडीला मांडी लावली नव्हती.

माय वाढत आली. रावांपाशी थांबली आणि भाकरी ताटात न वाढता त्यांच्या डोक्यावर ठेवली.

पंगत हसली. राव ताडकन उठले. भाकरी खाली पडली.

“ही काय थट्टा? भुकेल्या माणसाला असं वाढतात?”

“वाढली की. वरून.”

राव शेजारी ठेवलेल्या कुंडीकडे बघत राहिले. मग कुंडी आणि पुडी उचलून तरातरा अंगणात गेले, खड्डा खणला, कुंडी उपडी करून रोप अलगद काढलं. चमचा भिरकावला. भुकटी बोटांनी मुळांना चोळली, अगदी आतपर्यंत. सुमतीची नखंही अशीच मातीने काळी असायची. त्यांना रडू आलं.

रोप लावून, पाणी घालून, हात धुऊन ते परतले. पंगत अजून उठली नव्हती.

“आता जगेल ना, माय?”

“त्याचं ते बघेल. तुम्ही पंगतीत त्या धोंडूच्या शेजारी सरका. भाकरी तिथंच मिळेल.”