मास्तरांच्या पायात काय होतं?

“...मग अनवाणी की मोजे घालून, एवढंच सांगा.”

तन्मय कारखानीसनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

सिदूमास्तर परसात बसून शेंगा फोडत होते. एक दाणा त्यांनी तोंडात टाकला, एक कोंबड्यांपुढे भिरकावला.

“कंच्या जत्रंचं इचारताय, पाव्हणं? पुसेगावला थंडी हुती, तवा मोजं. म्हसवडला अनवाणी. औंधाला अवकाळी झाला, मैदानात गुडघाभर चिखल, तवा गमबूट.”

“आणि...”

“आन् एका साली मालकीणबाईच्या सपाता. माजं पायताण चोरीला गेलतं.”

“आणि ठोका?”

“ठोका त्योच.”

पुण्याहून वडूजपर्यंत गाडी हाकत तन्मय काही सपातांची गोष्ट ऐकायला आला नव्हता.

तन्मय ड्रम वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. उलट तोच चारचौघांना सांगत असे. ड्रमसेटमधला जमिनीवर आडवा बसवलेला मोठा ढोल पायानं वाजवतात. पेडल दाबलं की दांडी ढोलावर आपटते. ह्या पेडलवर पाय अनवाणी असावा, मोज्यात असावा की बुटात, ह्या एका प्रश्नावर तन्मयनं मोबाइलवर सतरा व्हिडिओ टाकले होते, आणि सतराव्यात त्यानं पहिले सोळा खोडून काढले होते. त्याच्या पिशवीत जपानहून मागवलेले बूट होते, तळ इतका पातळ की पायाखालच्या मुंगीचं वय कळावं.

आणि सिदूमास्तर वायदंडे म्हणजे तीस वर्षं जत्राजत्रांतून ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट वाजवलेला माणूस. मास्तरांच्या पायाच्या ठोक्याबद्दल सातारा जिल्ह्यात काय काय सांगतात! जत्रेतल्या उंच पाळण्याचा मालक शपथेवर सांगायचा की मास्तरांचा ठोका पडायच्या आधी पाळणा वरच्या वर थबकायचा. वर अडकलेल्या नवराबायकोचं भांडण मिटायचं. मग ठोका पडायचा आणि पाळणा खाली यायचा. माण तालुक्यातली त्या काळातली निम्मी बारशी त्या थबकण्याच्या खात्यात जमा आहेत असंही म्हणतात. पाळण्याचा मालक आता हयात नाही, त्यामुळे तपासून घेणं अवघड.

मास्तरांच्या पायात तेव्हा काय असायचं, यावर मात्र तीन पक्ष होते. एक म्हणे अनवाणी. दुसरा म्हणे लोकरीचे मोजे. तिसऱ्या पक्षात सगळे निवृत्त फौजी होते आणि ते मिलिटरीच्या बुटांवरून मागे हटायला तयार नव्हते.

तन्मयनं तिघांचंही ऐकून घेतलं होतं. म्हणून तर तो इथे होता.

तो म्हणाला की तो वाजवून दाखवतो, मास्तरांनी फक्त चूक सांगावी. मास्तरांचा जुना ढोल गोठ्यात पडलाच होता. तन्मय तिकडे निघाला तेव्हा मास्तरांनी त्याला हातानं थांबवलं. ढोलाचं पुढचं कातडं फाटलं होतं आणि आत कोंबडी खुडूक बसली होती. तेरा अंडी होती. अजून आठ दिवस तरी तिथे वाजवणं होणार नव्हतं.

“मग कशावर वाजवू?”

मास्तरांनी शाळूच्या पोत्याकडे बोट केलं.

तन्मयनं आपलं पेडल पोत्याला भिडवलं. आधी जपानी बूट घालून वाजवलं. पोत्यातून धूळ उडाली.

“चांगलं,” मास्तर म्हणाले.

मग मोजे घालून.

“ह्येबी चांगलं.”

मग अनवाणी. आता तर पाय असा सुटला की पोतं एका अंगाला कलंडलं.

“लईच चांगलं.”

“आणि तो ठोका?”

मास्तरांनी एक शेंग फोडली. आत काही निघालं नाही.

“त्यो न्हाई.”

तन्मय पेडलवरून पाय न काढता तसाच बसून राहिला. मग, मुंबईच्या मोठमोठ्या संगीतकारांपुढे ज्याची मान कधी वाकली नाही, तो खाली बघून बोलायला लागला.

त्याचे वडील दहिवडीला बँकेत होते. तो सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला जत्रेत नेलं होतं. स्टेजच्या अगदी बुडाशी, फळ्यांना कान लागेल इतक्या जवळ, वडिलांच्या मांडीवर तो बसला होता. गाणं कुठलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की वर कुणीतरी ताल धरला होता, आणि दर खेपेला एक ठोका यायच्या आधी काहीतरी थांबत होतं. छातीतच थांबत होतं. आता पडतच नाही बहुतेक, असं वाटायचं. वडिलांचा शर्ट मुठीत घट्ट धरून तो वाट बघायचा. आणि मग तो पडायचा.

त्या ठोक्यासाठी त्यानं ड्रम घेतले. मोठेपणी त्या जत्रेतली मास्तरांची कॅसेट मिळवली, कॉम्प्युटरवर चढवून मोजली. ठोका उशिरा पडत होता. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही निम्म्यानं. मग त्यानं तेवढाच उशीर मोजून वाजवून पाहिला. लोक म्हणाले, ताल चुकतोय. यंत्राकडून करवून घेतला. यंत्र लंगडल्यासारखं वाटलं.

“सगळं करून झालं, मास्तर. आता फक्त पायच राहिलाय. तो आज मिळाला नाही तर सोमवारपासून मी मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसणार आहे. त्याला हो म्हणून आलोय.”

हे खरं होतं. मेव्हण्यानं काउंटरमागची खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

मास्तरांनी विचारलं, “वडील हायती?”

“नाहीत.”

मास्तर उठले. मांडीवरची टरफलं झटकली आणि घरात गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तान्हं मूल आणावं तसं आणलं. कापड सोडलं. ढोलकी होती. काळी पडलेली, पण दोऱ्या ताणलेल्या आणि कातडावरची शाई नुकती भरलेली.

“आबाची,” ते म्हणाले.

मग मास्तरांनी आपल्या वडिलांचं सांगितलं, अगदी थोडक्यात. आबा तमाशाच्या फडात ढोलकीवाले होते. ढोलकी एक तर त्यांच्या मांडीवर असायची, नाहीतर खुंटीवर. जमिनीवर कधी टेकली नाही. चप्पल घालून तिच्या वाऱ्याला उभं राहायची कुणाची छाती नव्हती. एकदा झोपेत लहानग्या सिदूची टाच तिला लागली. आबांनी त्याला उठवलं, ढोलकीच्या पाया पडायला लावलं. पोर पेंगत पडलं आणि पुन्हा झोपलं. ते नीट झालं नाही असं वाटून आबा मग पोराच्या वतीनं स्वतः पाया पडले.

पुढे फड मोडला. सिदू ऑर्केस्ट्रात कामाला गेला. मालकानं ड्रमसेट दाखवला, हातानं काय वाजवायचं ते सांगितलं, आणि मग खाली पेडलकडे बोट केलं.

“म्हनला, ह्ये पायानं.”

“मग?”

“मग काय... घरात खानारी तोंडं सात.”

एक कोंबडी ढोलकीच्या दिशेनं आली. मास्तरांनी तिला हळूच हुसकलं.

“आबा कवा ऐकाय आला न्हाई. आमच्या गावची जत्रा घरापुढंच भरायची. शंभर पावलं बी नसतील. दार लावून बसायचा.”

मास्तरांनी ढोलकीची एक दोरी बोटानं चाचपली.

“धा वरसं वाजवलं त्या दारापुढं. आत ऐकत असंल का... कळलं न्हाई.”

मास्तरांनी लुगडं चौपदरी करून अंथरलं, त्यावर ढोलकी ठेवली आणि शाळूचं पोतं तिच्या पाठीशी टेकू म्हणून सरकवलं. मग तन्मयचं पेडल स्वतः उचललं, आणि दांडी बरोबर शाईच्या मध्यावर येईल असं ढोलकीपुढे मांडलं.

“वाजीव.”

“ह्याच्यावर?”

“व्हय.”

“मास्तर, ही तुमच्या वडिलांची...”

“ढोलाला पाय लावनारा मानूस तू. ढोलाला लावतोस तर हिला का न्हाई? कातडंच हाय की.”

त्यांनी मांडीवर हातानं ताल धरला. एक, दोन, तीन. चौथा तन्मयच्या पायाचा.

एक, दोन, तीन...

पाय वर राहिला.

मास्तर रागावले नाहीत. पुन्हा धरला. एक, दोन, तीन...

पाय वरच. झोपेतसुद्धा न चुकता पडणारा तो पाय. बुटात, मोज्यात आणि अनवाणी सतरा व्हिडिओ केलेला. आता त्याची पाची बोटं आत वळली होती.

“मला नाही जमणार, मास्तर. दुसरं काहीही सांगा.”

मास्तर ताल देतच होते. त्यांनी डोळे मिटले होते, आणि डोळे मिटूनच ते हळू आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले,

“मार, पोरा.”

एक, दोन, तीन...

पाय निघाला. मध्येच अडला. तन्मयचा श्वास वरच्या वर राहिला, हात आपोआप कपाळाकडे निघाला, परसातल्या कोंबड्याही चोच वर करून गप्प झाल्यासारख्या झाल्या. कोंबड्यांचं सोडा, पण तन्मयला खात्रीनं वाटलं की तो आता पडणारच नाही.

मग पडला.

मोठा नव्हता. ढोलकीनं खोल एक हुंकार दिला एवढंच. पण तो लागला ते बरगड्यांच्या खाली, स्टेजच्या बुडाशी बसलेल्या पोराला जिथे लागायचा तिथेच. तन्मयची मूठ वळली. मुठीत शर्ट आला, तो त्याचा स्वतःचाच होता.

तो खाली वाकला. ढोलकीला हात लावून त्यानं तो कपाळाला लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानं हात तिथेच राहू दिला.

मास्तरांचा हात मांडीवर थांबला होता. डोळे मिटलेलेच होते. मान किंचित वळलेली होती. बंद दाराआड काही हालचाल होते का, ते ऐकताना वळते तशी.

मग मास्तरांनी ढोलकी उचलून छातीशी घेतली आणि तन्मयच्या उघड्या पायांकडे पाहिलं.

“बूट घाल आता,” ते म्हणाले. “कंचंबी चालंल.”