ज्याला कोणी धरलं नाही, तो कचरा

वाघोशी गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर 'बस' म्हटलं की चिखलातही बसायचा. अनंतराव मंडपवाल्यांच्या गोदामात तो कामाला होता. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि रविवारी तर खुद्द अनंतरावांच्या लेकीचं, शालनचं लग्न.

"तोवर गोदाम मोकळं झालं नाही, तर तुझी नोकरी गेली," मालक म्हणाले.

पिराजीनं लगेच झाडू उचलला. घरी बायको होती, तीन पोरं होती.

नशिबानं मालकांचा भाचा निरंजन पुण्याहून आला होता. तो संगणकात काम करायचा, त्यामुळे त्याला जगातलं सगळंच कळायचं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "संगणकाची मेमरी भरली की आम्ही हेच करतो. ज्याला कोणी धरलेलं नाही, तो कचरा. बाहेर काढायचा."

पिराजी गोदामात गेला. तिथे माणूसच नव्हतं, मग धरणार कोण? दुपारपर्यंत गाद्या, खुर्च्या, पातेली, सगळं उकिरड्यावर. झाडू तेवढा राहिला, कारण तो पिराजीच्या हातात होता.

निरंजननं कपाळावर हात मारला. "अरे, माणसानं नाही, वस्तूनं वस्तूला धरायचं! झाकण पातेल्यासाठी, खांब मंडपासाठी. जे ज्याच्यासाठी, ते त्याच्यासोबत एका गठ्ठ्यात बांध."

पिराजीनं सगळं परत आणलं. मग त्याची नजर लग्नाच्या तांदळावर गेली. तांदळासाठी उंदीर येतात, उंदरांसाठी मांजर पाळलंय. त्यानं मांजर तांदळाच्या पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड शिवलं. उंदीर काही सापडेना, त्याची मात्र त्याला फार चुटपुट लागली. सकाळी मालकिणीनं पोतं उसवलं. तांदूळ कसा निघाला, हे न सांगितलेलंच बरं.

"जिवंत काही बांधू नकोस!" निरंजन ओरडला. "आणि एकेक वस्तू काय बांधत बसतोस? कोणत्या मुळामागे किती पसारा आहे ते बघ. मूळ गेलं की त्याच्यासाठीचं सगळं एकदम काढता येतं. ढीगभर जागा होते."

"हे मातुर ध्येनात ठेवतो," पिराजी म्हणाला.

रविवारी लग्न लागलं. शालन गाडीत बसून सासरी निघाली. अनंतराव डोळे पुसत म्हणाले, "गेली माझी पोर!"

पिराजी एकदम ताठ झाला. मूळ गेलं! मंडप शालनताईसाठी, खांब मंडपासाठी. त्यानं भराभरा दोर सोडले. शेवटची पंगत जेवत होती. दोनशे माणसांवर मंडप आला.

कापडाखालून निरंजनचं डोकं बाहेर आलं. नाकावरून मठ्ठा ओघळत होता. "गाढवा, हे काय केलंस?"

"जागा केली, पाव्हणं! केवढी झाली बघा. तुमीबी ताईच्याच लग्नासाठी आला व्हता न्हवं? मग तुमीबी निघा आता."

अनंतराव धावत आले. एका हातानं त्यांनी पिराजीची गचांडी धरली, दुसऱ्या हातानं काठी उगारली. पिराजीचा चेहरा मात्र खुलला. आपल्याला तरी कोणी धरलंय का, याच घोरात त्यानं चार दिवस काढले होते.

"पाव्हणं, बघून घ्या!" तो आनंदानं ओरडला. "मालकांनी धरलंया मला! म्या कचरा न्हाई! नोकरी पक्की!"