सोनछडीचा अपराध

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वैद्य राहत होता. गाव लहान आणि हवा चांगली, त्यामुळे त्याचं पोट बेताचंच भरे. मान मात्र भरपूर होता. त्याला कारण त्या गावची एक रीत. वैद्याने रोग्याची नाडी पाहायची, मग अंगणात येऊन रोगाच्या कारणाकडे बोट दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव मिळून ते कारण मुळापासून काढून टाकी. या रीतीपायी आजवर दोन विहिरी बुजल्या होत्या, एक जुना शेवगा तुटला होता आणि एक सासू कायमची लेकीकडे राहायला गेली होती. रोगी बरे झाले की नाही, हे कोणी विचारत नसे. बोट दाखवलं की गावाला बरं वाटे, तेवढं पुरे होतं.

मात्र ज्या वैद्याचं बोट चुकलं असं ठरेल, त्याचं बोट काळ्या दोऱ्याने बांधायचं आणि पुन्हा त्याला नाडी दाखवायची नाही, असाही नियम होता. तो कधी वापरावा लागला नव्हता. आपलं चुकलं असं आजवर कुठल्याच वैद्याने सांगितलं नव्हतं.

पाऊस सरला की गावामागचा उतार पिवळाधमक होई. कमरेइतक्या उंच दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या शेंड्याला बारीक पिवळ्या फुलांचा तुरा. गाव तिला सोनछडी म्हणे. काहींनी ती उतारावरून आणून परसातही लावली होती. एकदा लावली की त्याच मुळापासून दरवर्षी आपसूक फुटे. ना पाणी, ना खत. आणि ज्याला पाणी घालावं लागत नाही त्याचे उपकार मानायची पद्धत त्या गावात नव्हती.

गाव शिंकायला लागे तेही याच दिवसांत. एका वर्षी पाटलाच्या लहानग्या नातीचं नुसत्या शिंकांवर भागलं नाही. तिचा श्वास अडकू लागला, छाती भात्यासारखी वाजू लागली.

पाटील म्हणाला, "वैद्यबुवा, माझ्या घरात ही एकच. कारण सांगा."

वैद्याने नाडी पाहिली आणि त्याला काही कळलं नाही. तसं सांगावं असं त्याच्या मनात आलंही होतं. पण अंगणात सगळं गाव जमलेलं आणि समोर उतार पिवळा पेटलेला. दुसरं काही नजरेत भरतच नव्हतं. त्याने उताराकडे बोट दाखवलं.

गर्दीतून गावची रंगारीण पुढे आली. सोनछडीची फुलं उकळून ती लुगडी पिवळी रंगवी; त्यावर तिचं घर चाले.

"वैद्यबुवा, मी दिवसभर या फुलांत बुडालेली असते. मला एक शिंक येत नाही."

"तुला सवय झाली असेल," वैद्य म्हणाला.

"मग गावालाही होऊ द्या की सवय."

दोघेचौघे हसले. दुसऱ्या दिवशी पाटलाने पहिली कुदळ मारली आणि संध्याकाळपर्यंत परसांतली रोपंही गेली आणि उतार उघडा झाला.

पण उघडी जमीन फार काळ उघडी राहत नाही. पुढच्या वर्षी तिथे एक करडं-हिरवं रोपटं माजलं. ते पूर्वीही होतं, सोनछडीच्या दाटीत कुठेतरी दबलेलं. त्याची फुलं पानांच्याच रंगाची. ती आली आहेत हे कळायला गुडघे टेकावे लागत. गुडघे टेकायला कोणाला सवड नव्हती, सगळे शिंकण्यात गुंतले होते. पाटलाची नात आता आडवीच होऊ शकत नव्हती. उशीला टेकून बसे आणि एकेक श्वास ओढून घेई.

मग कोणीतरी बातमी आणली की रंगारणीने घरामागे सोनछडीची रोपं राखून ठेवली आहेत.

"तरीच," गाव म्हणालं. उद्या वैद्याने तिच्या दाराकडे बोट दाखवायचं आणि तिने गाव सोडायचं, हे न बोलताच ठरलं.

वैद्य त्या दुपारी तिच्याकडे गेला. वाटभर त्याचंही नाक वाहत होतं. घरात आढ्याला सोनछडीच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या.

"नीट बघून घ्या," ती म्हणाली. "उद्या बोट चुकायला नको."

"दार लावून घे बाई, आणि मला जरा बसू दे."

तो जुड्यांखाली बसून राहिला. हळूहळू नाक थांबलं, डोळ्यांची आग निवली. मग मागच्या परसात जाऊन त्याने एक ताजा तुरा आपल्या उपरण्यावर झटकला. पराग हळदीसारखे चिकटून बसले. फुंकर मारली तरी उडेनात. परतताना वाटेवरच्या करड्या रोपट्याला त्याच्या धोतराचा सोगा लागला. धुरासारखी बारीक रेघ उठली आणि वैद्य शिंकत शिंकत गुडघ्यांवर आला. तेव्हा कुठे त्याला ती फुलं दिसली.

तो तसाच पाटलाकडे गेला आणि सगळं सांगितलं. पाटलाने नातीची उशी सारखी केली.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "यंदाचं कारण नवं आहे म्हणा. हे रोपटं उपटू. मागच्या वर्षीचं कशाला उकरून काढता? पहिली कुदळ माझी होती."

"आणि रंगारीण?"

"तिचं बघू पुढे."

वैद्याला हा सल्ला फार आवडला. रीतही राहत होती आणि मानही. पण घरी येऊन बसल्यावर त्याला दिसलं, की उपटलेली जागा पुन्हा उघडी पडणार आणि तिथे पुन्हा हेच माजणार. त्याला दाबून ठेवणारी सोनछडीच होती. ती परत आणायची तर ती का घालवली हे सांगावं लागणार. अर्धं खरं बोलून त्याचं बोट वाचत होतं. पोरीचा श्वास वाचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. वैद्याने करड्या रोपट्याकडे बोट दाखवलं. लोकांनी हुश्श केलं आणि कुदळी उचलल्या. पण वैद्याने हात खाली घेतला नाही. तो वळवून त्याने स्वतःच्या छातीवर ठेवला.

"आणि सोनछडी गेली म्हणून ते माजलं, त्याचं कारण मी. मागच्या वर्षी मला काही कळलं नव्हतं. पिवळं दिसलं, तेच दाखवलं. सोनछडी परत लावा, नाहीतर ही पोर जगायची नाही."

मागून एक आवाज आला, "बोट बांधा."

काळा दोरा पाटलाने बांधला. आपल्या कुदळीबद्दल मात्र तो काही बोलला नाही.

"सैल बांधा, पाटील," रंगारीण म्हणाली. "माणसाचं बोट आहे."

मग तिने घरामागची रोपं खणली, मुळं सुरीने तोडून वेगळी केली आणि घरटी एकेक तुकडा दिला. उतार पुन्हा भरायला काही वर्षं गेली. तोवर शिंकांच्या दिवसांत पाटलाची नात रंगारणीच्या घरात, दार लावून, जुड्यांखाली झोपे.

वैद्याकडे मात्र पुन्हा कोणी गेलं नाही. गावाने शेजारगावचा वैद्य धरला. तो हुशार होता. नाडी पाहायच्या आधीच बोट दाखवी.

पाटलाची नात मोठी झाली. एका सकाळी ती टोपली घेऊन रंगारणीबरोबर फुलं तोडायला निघाली आणि चढ चढता चढता गाऊ लागली. चढावर गायला श्वास पुरावा लागतो. वैद्य आपल्या अंगणात बसून शेवटचं कडवं संपेपर्यंत ऐकत राहिला.

तात्पर्य: जे नजरेत भरतं ते दोषी असतंच असं नाही, आणि चारचौघांत चुकीच्या जागी दाखवलेलं बोट मागे घ्यायचं, तर तेही चारचौघांतच घ्यावं लागतं.