गुडघ्यांखालची फळी

फार वर्षांमागे एका चर्चमधल्या बाकाच्या पाठीवर दात्याचं नाव ऐटीत रंगवलेलं होतं. खालची गुडघे टेकायची फळी मात्र बिननावाची. लोकांचे गुडघे झेलून ती पार शिणली होती. एकदा रंगारी आला, तशी ती म्हणाली,

“राबायचं मी, नाव बाकाचं! रंगारीमामा, माझ्यावरही लिहा की.”

मामांनी दात्याचं नाव तिच्यावरही लिहिलं.

रविवारी म्हाताऱ्या रेमेतबाय आल्या. कुणाच्या नावावर गुडघे कसे टेकायचे, म्हणून त्या गार फरशीवरच टेकल्या आणि कण्हल्या. फळीला कधी नव्हे तो विसावा मिळाला, पण ते कण्हणं काही तिला ऐकवेना.

“मामा, नाव पुसा.”

“अगं, मग तुला ओळखणार कोण?”

“रेमेतबायचे गुडघे ओळखतात.”