कोसमटोल्याच्या पिच्चरला पैसे कोणी दिले

सायत्राबाईचं कोणी खरं मानलं नाही. एकानंही नाही. बाई भर शंकरपटात, बैलांच्या शर्यतीच्या दाणीवर उभी राहून छातीवर हात मारून सांगत होती, आणि गाव पोट धरून हसत होतं. अंगावर धड लुगडं नसलेल्या बाईनं खरं बोलू नये, असा काही कायदा आहे का? पण नाही मानलं. म्हणून तर ही गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर तोंड मिटून बसा.

फार फार वर्षं झाली. वैनगंगेच्या काठी, झाडीपट्टीत, कोसमटोला नावाचं गाव होतं. अजूनही आहे. त्या गावात लटारू नावाचा पडदेवाला राहायचा. झाडीत नाटकं किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या नाटकांचे पडदे लटारू रंगवायचा. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. धोतराला सतत रंग लागलेला. हाताच्या मुठीची नळी करून तो जगाकडे बघायचा आणि झाडालाही म्हणायचा, "थोडं बाजूले सरक न गा." झाड सरकायचं, असं म्हणतात.

तर ह्या लटारूनं एकदा तंबूत सिनेमा पाहिला आणि त्याच्या डोक्यात भरलं, आपणही पिच्चर काढायचा. लोक म्हणाले, "लटारू, आधी घरावरची कवेलू नीट कर." तो म्हणाला, "कवेलू कोनाले दिसते? पिच्चर साऱ्याइले दिसंल." दारोदार फिरला. कोणी चहा दिला, कोणी शिव्या. पैसा कोणी दिला नाही.

गावाबाहेर ऐनाच्या झाडांचं एक रान होतं. तिथं सायत्राबाई वलथरे कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवायची. ढिवराची विधवा बाई. ऐनाच्या पानांवर कोशाचे किडे सोडायचे आणि ते कोश विणेपर्यंत गोफण घेऊन पाखरं हाकलत बसायचं, हे तिचं काम. किडे झाडावर असले की नेम म्हणून ती डोक्याला तेल लावत नसे, कुणाला वाईट बोलत नसे. बाकीच्या दिवसांत मात्र बोलायची, आणि चांगलं कडक बोलायची. तिला एकच लेक होती, बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. ती ऐनाच्या फांदीवर बसून आईच्या वरताण गोफण फिरवायची. एका पावसाळ्यात तापानं गेली. तिचा फोटो नव्हता. गरिबाच्या लेकराचा फोटो कोण काढतो?

लोक म्हणाले, सायत्रा त्यानंतर चक्रम झाली. कोसा विकायची, पण नवं लुगडं घेत नसे. सणालाही आंबीलच प्यायची. पैसा कुठं जातो, कुणाला कळत नसे. खरं इतकंच होतं, की बुधी असताना तिच्या लग्नासाठी सायत्रानं एक मडकं पुरलं होतं, आणि बुधी गेल्यावरही ती त्यात पैसे टाकतच राहिली. बंद करणं तिला जमलं नाही. बंद केलं असतं तर लेक खरीच गेली असती. इतक्या वर्षांत मडक्याला मडकं लागत गेलं. त्या रानातले किडे बुधीसाठी सोन्याचे कोश विणायचे, असं म्हणतात. त्यात मला तरी काही खोटं वाटत नाही.

लटारू त्या रानात आला तो शूटिंगला जागा बघायला. सायत्रानं त्याला विचारलं, "भाऊ, पिच्चरातला मानूस मेल्यावर रायते का गा?"

"रायते न बाई. मशीन फिरवली का उठते, चालते, हासते."

"माझ्या बुधीले आता कुठून आनशीन?"

 लटारूनं मुठीची नळी करून रिकाम्या फांदीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, "मले आठवते. मी रंगवतो."

सायत्रा उठली. कुदळ घेऊन आली. मडकी त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "लग्नाचे हायेत. लावून दे लग्न. पन नाव सांगू नोको माझं. मेल्या लेकीच्या लग्नाले पैसे जमवते म्हनून लोक मले दगडं मारतील." लटारूनं तिच्या पायाला हात लावून शब्द दिला.

आणि पिच्चर निघाला! नाव 'पेटली वैनगंगा'. नागपूरहून कॅमेरा आला, तो फिरवणारा माणूस आला. सगळं गाव नटलं. पण काय सांगू, असा वाईट पिच्चर वैनगंगेच्या अल्याड झाला नाही, पल्याडही झाला नाही. नाव पेटली वैनगंगा, आणि वैनगंगा कुठं नाही, पेटलेलं तर काहीच नाही. जो तो कॅमेऱ्यासमोर आला की आधी मायबाप प्रेक्षकांना नमस्कार करायचा, प्रेतसुद्धा. झाडीच्या नाटकात बक्षीस मिळालं की खेळ थांबवून देणाऱ्याचं नाव घेतात, ते पिच्चरातही झालं. नायक छातीत सुरा घेऊन पडला, मग उठून बसला आणि म्हणाला, "एका हितचिंतकाकडून आमच्या मंडळाला भरघोस मदत, आम्ही आभारी आहोत." आणि पुन्हा मेला.

सगळ्यांत कहर जंगलाचा. अस्सल ऐनाचं रान समोर उभं, आणि लटारूनं त्या रानापुढं रंगवलेल्या रानाचा पडदा टांगला! झाडापुढं चितारलेलं झाड. नायिका त्यातून रडत गेली, नायक गेला, बैलही गेला, तरी कॅमेरा आपला त्या पडद्याकडेच बघत बसला. कोणी येईना, कोणी जाईना.

शंकरपटाच्या दिवशी बैल सुटले आणि अंधार पडल्यावर दाणीवर पांढरी चादर बांधून पिच्चर दाखवला. पडद्याचं ते दृश्य आलं तशी लोकं उठून चहा पिऊन आली, तरी ते संपलं नव्हतं. तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, ह्या पिच्चरले पैसे कोनं देले?"

सगळे हसले. पण गावचा जमीनदार, नाकाडे मालगुजार, हसला नाही. त्यानं लटारूला पुढं बोलावलं. "सांग. हा हितचिंतक कोन?"

लटारू म्हणाला, "शब्द देला हाय. नाव नाही सांगत."

मालगुजार म्हणाला, "आपल्या झाडीत चवली देनारा बी माइकवर नाव घेतल्याबिगर हात सोडत नाही. नाव न सांगता देनारा एक त चोर, नाही त भूत. टेकडीवरच्या देवीच्या खाली धनाचा हंडा हाय. तूनं तो खनला." लोकांचं हसू थांबलं. दुष्काळ, रोग, वाघ, जे संकट आठवेल ते, देवी कोपली म्हणून, त्या हंड्याला चिकटलं. ठरलं, की लटारूनं खरं सांगितलं नाही तर होळीत पिच्चरची रिळं टाकायची आणि त्याला गावाबाहेर घालायचं.

तेव्हा सायत्रा उठली. "मीनं देले," म्हणाली. "लटारू चोर नोहे. मीनं देले."

तेव्हाच ते हसले. मालगुजार म्हणाला, "सायत्रे, आधी लुगड्याले ठिगळ लाव, मंग पिच्चर काढ." एक टवाळ म्हणाला, "का वं, हंड्यातला वाटा भेटला का?" ती सांगत राहिली, "बुधीच्या लग्नाचे होते." हे ऐकून तर बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. बुधीला जाऊन किती वर्षं झाली होती! पिकलेल्या केसांच्या बाईला असं हसणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत, पण त्यांची नातवंडं चांगली निघाली म्हणून घेत नाही.

होळी आली. लाकडं रचली. रिळांचे डबे होळीपाशी ठेवले. लटारू गाठोडं बांधून तयार होता. शब्द मोडायला मात्र तो तयार नव्हता. आणि सायत्रा आली ती हळदीनं पिवळे केलेले तांदूळ पदरात घेऊन. डब्यांवर जाऊन बसली. "जाळाचं असंल त मले बी टाका. पन आधी पडद्याचा तुकडा एकडाव दाखवा. तेवढाच."

मरणाऱ्यालाही पाणी पाजतात. मालगुजारानं हातानं होकार दिला, चादर बांधली, मशीन सुरू झाली. ते रंगवलेलं रान आलं. ह्या खेपेला चहा नव्हता, हसू नव्हतं, म्हणून लोकांनी पहिल्यांदा ते नीट बघितलं. सायत्रा चादरीजवळ गेली. एका फांदीकडे तोंड करून तिनं पाखरं हाकलायची हाळी दिली, "हुर्र... हुर्र, बुधे!" आणि अक्षता टाकल्या.

त्या फांदीवर, पानांच्या आड, अंगठ्याएवढी एक पोरगी रंगवलेली होती. तिनं गोफण फिरवली. शेजारच्या फांदीवरचं चितारलेलं पाखरू भुर्र उडालं आणि चादरीबाहेर, होळीच्या वरून, अंधारात गेलं. त्या रिळात आजही ते पाखरू नाही, रिकामी फांदी आहे. शूटिंगच्या वेळी पडदा वाऱ्यानं हलला असेल, असंही काही शहाणे म्हणतात. म्हणोत.

गावाची सुईण गुंजाबाई पुढं आली. तिनंच बुधीला जन्मताना हातात घेतलं होतं, आणि शेवटची आंघोळही तिनंच घातली होती. ती चादरीला नाक लावून बघत राहिली. मग खाली बसली. "माय वं," म्हणाली, "हे त आपली बुधी होय. कानामागं केस कसे खोसले, पाहा न." आणि मालगुजाराकडं वळून कडाडली, "नवरीची माय साऱ्या गावाले सांगत होती, अन् तू हंडा हुडकत होता का रे!"

 मालगुजारानं वाकून सायत्राच्या पदरातले चिमूटभर तांदूळ घेतले आणि चादरीवर टाकले. मग सगळ्यांनी घेतले. पदरातले तांदूळ संपलेच नाहीत, असं म्हणतात. त्या रात्री कोसमटोल्यात होळी पेटली ती नुसत्या लाकडांची.

लटारू आता नाही, सायत्राही नाही. ते ऐनाचं रान आहे, आणि त्यातल्या बुधीच्या झाडावर कोणी कुऱ्हाड घालत नाही. दर साली पटाला बैल सुटले की चादर बांधतात आणि 'पेटली वैनगंगा' दाखवतात. ज्यांच्या घरी लेकीचं लग्न ठरलंय, ते पुढं बसतात. तो पडदा आला की पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे अक्षता टाकतात, आणि पिच्चर नायकापाशी येईपर्यंत मशीनवाला मशीनवरचे तांदूळ झाडतच बसतो.

पिच्चर अजून तितकाच वाईट आहे, हो. प्रेत अजून नमस्कार करतं. पाहुणे पार वैतागतात. इतक्या भिकार पिच्चरचा दोष कोणाच्या तरी माथी मारायलाच हवा, म्हणून नायक उठून हितचिंतकाचे आभार मानतो तेव्हा मागून कोणीतरी दरवर्षी ओरडतं, "अबे, ह्या पिच्चरले पैसे कोनं देले?"

आणि सगळं गाव, मालगुजाराच्या नातवंडांसकट, माइक नसताना नदीपल्याड ऐकू जाईल असं एका आवाजात सांगतं:

"सायत्रा वलथरे!"