गादीखालचा हिंग

विश्वास नेमका कुणावर ठेवावा, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? कुणी म्हणेल बायकोवर, कुणी म्हणेल जुन्या नोकरावर, आणि दोनदा ठेच लागलेला म्हणेल, कुणावरच नको. उत्तराची घाई नाही. आधी एका माणसाची हकिगत ऐका.

एकदा एक हिंगाचा व्यापारी होता. वय सहासष्ट, ताठ पाठ, मोजकं बोलणं. त्याच्या पारखीचा पेठेत असा दबदबा, की गाडीवरून थैल्या उतरायच्या आत गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तो सांगे, "तीन थैल्या ठेव, चौथी परत ने. तिच्यात कणीक जास्त आहे." माल आणणाऱ्याला घाम फुटे. थैली फोडून पाहावी, तर कणीक निघे.

गेली दोन वर्षं मात्र या माणसाला एक संशय पोखरत होता. दुकान आता मुलगा बघत असे, आणि हिंगात पूर्वीचा दम उरला नव्हता. खडा नाकाशी धरावा, तर मातीचं ढेकूळ धरल्यासारखं वाटे. पोरगा भेसळ करतो, दुसरं काय असणार?

माणूस न्यायी होता, म्हणून त्याने परीक्षा घेतली. खड्याला काडी लावली. खडा कापरासारखा पेटला. दुसरा खडा पाण्यात घातला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. दुसऱ्या कुणाचं मन एवढ्यावर निवळलं असतं. हा मनाशी म्हणाला, ‘हल्लीचे भेसळवाले आगीपाण्यालाही फितवतात.’ गिऱ्हाइकांनी मालाची वाखाणणी केली, की गिऱ्हाइकंच पढवून आणलेली वाटत. फोडणी बसली की सून ठसकत खिडकी उघडी, तर तो ठसका नाटकी वाटे. संशयाला एकदा घरात घेतलं की तो एकटा राहत नाही, आपला सगळा गोतावळा बोलावून घेतो.

त्यात भर पडली एका पेटीची. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको वारली, तिची लुगडी त्या पेटीत होती. दर सोमवारी तो पेटी उघडी, क्षणभर वाकून उभा राही आणि झाकण लावी. हे घरात सर्वांना ठाऊक होतं आणि कुणी त्याविषयी बोलत नसे. एका सोमवारी पेटी उघडली, तर आत नुसतं कापड.

त्याने सुनेला हाक मारली. "ही लुगडी धुतली कुणी?"

"मी पेटीला हातसुद्धा लावला नाही, मामंजी."

"मग काय वारा येऊन धुऊन गेला?"

सून काही न बोलता आत गेली. तिचं गप्प राहणं त्याने कबुलीजबाबात जमा केलं.

शेवटी एका सकाळी त्याने मुलाच्या हातून दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि आपल्या कमरेला खोचल्या. "संध्याकाळी पाच माणसं बसवतो. त्यांच्यादेखत निकाल लागेल. मग तू तुझं वेगळं बिऱ्हाड बघ."

"अण्णा, माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

"ते तुझा माल सांगेल."

पाच माणसांपुढे सांगायला भक्कम साक्ष हवी होती. चौदाव्या वर्षी तो ज्यांच्या हाताखाली हिंग पारखायला शिकला, ते गुरू नदीपलीकडे राहत; नव्वदीला टेकले होते, पण त्यांच्या शब्दापुढे पेठ अजून मान तुकवी. मालाचा खडा पुरचुंडीत बांधून तो तिकडे निघाला.

"डावीकडे नको बसू, मल्लू," गुरू म्हणाले. "तो कान गेला. या बाजूला ये."

झाडाला यंदा आंबे नाहीत, हे सांगावं, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मल्लू म्हणून हाक मारणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

व्यापाऱ्याने पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. "आप्पा, वास घ्या आणि सांगा. संध्याकाळी पोराला घराबाहेर काढतोय."

"सांगतो की. आधी पाय तर धुऊन ये."

तो पाय धुऊन आला, तेव्हा गुरू भुईवर चटईवर बसले होते आणि त्यांची गादी रिकामी होती. "आज तू गादीवर बस. आणि बोल सगळं. मला कुठे जायचंय?"

आपली गादी दुसऱ्याला कुणी उगीच देत नाही, असं व्यापाऱ्याच्या मनात आलंच. पण तो बसला आणि बोलू लागला. गुरूंची सून चहा घेऊन आली. नाकाला पदर लावून तिने कप लांबूनच सरकवला आणि ती घाईने आत पळाली. ‘हिला हसू दाबवत नाही,’ त्याने ताडलं, ‘म्हणजे पोरगा आधीच इथे येऊन गेलेला दिसतो.’ शेजारचा एकजण पायरीपर्यंत आला, थबकला, "नंतर येतो, आप्पा," म्हणून मागच्या मागे वळला. खांबाशी निजलेलं मांजर उठून चालतं झालं. गुरू एकसारखे उपरण्याने डोळे पुसत होते. त्याला वाटलं, चला, एकाला तरी आपली कणव आली.

"रडू नका, आप्पा."

"रडत नाही रे. तुला कसला वास येतोय का?"

"कसला?"

"ऊठ जरा."

तो उठला. गुरूंनी गादीचं टोक उचललं. खाली ओल्या फडक्यावर कुटलेला हिंग पसरला होता.

"तू आणलेला खडा. तू पाय धुवायला गेलास तेवढ्यात कुटला आणि ऊन पाणी शिंपडलं. इतका सणसणीत माल माझ्या हाताखालून दहा वर्षांत गेला नाही. तासभर तू त्याच्यावर बसला आहेस."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्हीही पोराला सामील."

"झालोही असतो. पण त्याने मला काही देऊ केलं नाही."

व्यापाऱ्याने तो चिखल मुठीत घेतला आणि नाकाशी नेऊन दीर्घ श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग चहाचा कप उचलून हुंगला. त्यात ठेचलेलं आलं तरंगत होतं, ते त्याला दिसलं फक्त. "हे कुणीतरी..." त्याने सुरुवात केली, पण पुढे घ्यायला कुणाचं नाव सापडेना.

गुरूंनी त्याच्या हातातून कप काढून घेतला.

"माझा कान गेला, तेव्हा वर्षभर मी म्हणत होतो, घरचे माझ्यामागे कुजबुजतात. सुनेशी सहा महिने अबोला धरला. ती बिचारी मला ऐकू यावं म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. मल्लू, मूल पडलं की आई भुईला चापटी मारते. हात रे जमिनी, माझ्या बाळाला पाडतेस? मूल हसतं, उठतं. चार वर्षांच्या पोराला ते शोभतं. आपण पुरुष दाढ्या पिकल्या तरी भुईलाच मारत बसतो. भीती वाटली, मार भुईला. लाज वाटली, मार भुईला. दुखतंय म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही, आणि आपणही कुणाला विचारायला गेलो नाही. नाक तुझं गेलं. वय झालं की जातं. वैद्याला दाखव, येईल न येईल. पण मार कोण खातंय, ते बघ."

व्यापारी फडक्याकडे बघत पुटपुटला, "म्हणजे लुगडी कुणी धुतली नव्हती."

"कसली लुगडी?"

व्यापाऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"हिंग झोंबला काय रे?" गुरूंनी हळूच विचारलं.

"नाही आप्पा. तो कुठला झोंबायला. रडतोय मी."

संध्याकाळी पाच माणसं जमली. व्यापाऱ्याने कमरेच्या किल्ल्या सोडून मुलाच्या हातात ठेवल्या. "माल खरा आहे. माझं नाक गेलंय, दोन वर्षं झाली. ते म्हणायची लाज वाटली, म्हणून याला चोर म्हणत होतो." पाचही जण आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. मुलाने दिवा लावला.

व्यापारी आत गेला, पेटी उघडली आणि सुनेला बोलावून एक लुगडं तिच्या हाती दिलं.

"बाई, वास येतो का बघ."

तिने ते चेहऱ्याशी नेलं. "येतो, मामंजी."

"कसला?"

"वाळ्याचा." ती थांबली, पुन्हा हुंगून म्हणाली, "आणि पदराच्या टोकाला लवंगेचा. सासूबाई तिथे लवंग बांधून ठेवायच्या ना."

त्याने डोळे मिटले. "खरंच. बांधायची." पुढे सोमवारची पेटी ती दोघं मिळून उघडत, ती सांगे, तो ऐके.

तेव्हा मंडळी, विश्वास कुणावर ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. एक विनंती मात्र आहे, साठी उलटलेल्यांना विशेष. वयाचा हिशेब प्रामाणिकपणे लिहा. जे गेलं ते ‘गेलं’ म्हणूनच मांडा. ‘चोरीला गेलं’ म्हणून घरच्यांच्या नावावर टाकू नका.